ना सरकारची, ना चर्चची

(दृश्य: सकाळची वेळ. पिवळा बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतली शाळेची बस, फाटकाशी थांबतो, मुलं उतरतात.)

गोव्यात शाळेचा विषय निघाला की बोलणं दोन टोकांना जातं: सरकारी शाळा किंवा चर्चची शाळा. स्थानिक लोकांच्या खासगी संस्थेने चालवलेल्या शाळेची आठवण कोणी काढत नाही. खरं तर मुक्तीनंतरच्या सरकारी मराठी शाळांहूनही ती जुनी.

पोर्तुगीज अमदानीत मराठी शिकवायला सरकार फारसा पैसा देत नव्हतं. देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरण्याच्या जागेत), नाहीतर कुणाच्या ओसरीवर पंतोजी मुलं घेऊन बसत. पणजीची मुष्टिफंड संस्था 1908 ची. घरोघरी मूठमूठ तांदूळ बाजूला काढून तिचा खर्च भागवला जाई. देणारेही तेच, हिशेब विचारणारेही तेच.

1961 च्या मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा काढल्या. संस्थांना अनुदान मिळू लागलं, मास्तरांचा पगार तिजोरीतून यायला लागला. मोठी सोय झाली. पण पैशामागून अटीही आल्या.

1990 साली शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांनी ठरवलं, प्राथमिक शाळांचं अनुदान फक्त कोकणी किंवा मराठी माध्यमाला. चर्चच्या बहुतेक शाळा कोकणीकडे वळल्या. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजीला दार उघडलं आणि भाषाप्रेमी रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी मनोहर पर्रीकर आले. त्यांनी दार बंद केलं नाही, अर्धवट लोटून घेतलं: अल्पसंख्याक संस्थांच्या चालू शाळांचं अनुदान कायम, नव्या इंग्रजी शाळेला नाही. याच वादात 2016 मध्ये गोव्यातले संघप्रमुख सुभाष वेलिंगकर यांचं पद गेलं.

एवढ्या रणधुमाळीत संस्थेच्या मराठी शाळेचं काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. आमच्या मते वादाचा खरा चटका तिलाच बसला. शेजारी अनुदानित इंग्रजी शाळा, हिने मात्र इंग्रजी माध्यम घेतलं तर अनुदानावर पाणी सोडायचं. चालवतो कोण, यावर पैसा ठरावा हे पटत नाही.

(दृश्य: मधली सुट्टी. बचतगटाच्या बायका पाव-भाजी वाढताहेत. ऑफिसात मुख्याध्यापिका हजेरीपट चाळताहेत.)

पट घटला की तुकडी जाते, तुकडीमागून शिक्षकाचं पद. म्हणून प्रवेशाचे दिवस आले की बाई घरोघर फिरतात. पालक आधी बसचं विचारतात, मग इंग्रजीचं. बालरथ दारात येईल, असं बाई सांगतात. इंग्रजी विषय पहिलीपासून आहे, हेही सांगतात.