आधी गाळ, मग खारफुटी

(पडद्यावर: ओहोटीची वेळ. चिखलात मेढींची दुहेरी रांग.)

तापमानवाढीमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र पोटात घेतो. पाणी तापलं की फुगतं. १९७१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी जेवढी वाढली, त्यातली जवळपास निम्मी वाढ नुसत्या या फुगण्याची आहे. १९०१पासून मोजलं तर २०१८पर्यंत पाणी सुमारे २० सेंटीमीटर चढलं. जेमतेम वीतभर. पण सपाट किनाऱ्यावर वीतभर चढलेलं पाणी खूप आत शिरतं, आणि वादळात उसळणारं पाणी याच वाढलेल्या पातळीवरून वर चढतं.

लोक आधी भिंत मागतात. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू उपसून नेते. भिंत खालून पोकळ होते, आणि तिच्या टोकापलीकडचा किनारा जास्त वेगाने तुटतो.

चिखलाच्या किनाऱ्याला गाळ हवा. त्यासाठी मेढींच्या दोन समांतर रांगा रोवायच्या, मधे काटक्यांच्या मोळ्या दाबून भरायच्या आणि वरून दोरीने घट्ट आवळायच्या. भरतीचं पाणी यातून आरपार जातं, लाटेचा जोर मात्र मोडतो. आतल्या संथ पाण्यात गाळ खाली बसतो. मोळ्या सैल पडल्या की लाटा त्या उचलून नेतात, म्हणून दर हंगामात भर घालावीच लागते. बांबूच्या मेढी समुद्रातले पोखरकिडे आतून खातात. वरून धड दिसणारी मेढ हलवून पाहायची.

खारफुटी लावायची घाई इथे नडते. सरासरी समुद्रपातळीच्या खाली लावलेली रोपं बराच वेळ बुडून राहतात आणि मरतात. आधी चिखल त्या पातळीच्या वर येऊ द्यायचा. जवळपास जुनी खारफुटी असेल, तर बिया भरतीबरोबर येतात आणि आपणहून रुजतात.

(पडद्यावर: विहीर. दोरीला बांधलेली बाटली पाण्यात उतरते.)

इकडे या काटक्यांच्या बांधाआड गाळ साठत असताना किनाऱ्यामागच्या जमिनीतून बेसुमार भूजल उपसलं, तर जमीन खचते. इंडोनेशियातल्या देमाकच्या किनाऱ्यावर असे बांध घातले गेले, आणि तिथे हीच अडचण आली. उपशाने विहिरीही खारवतात. गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेबाने गोड्या पाण्याची पातळी १ मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी ४० मीटर वर सरकू शकतं. म्हणून एका खोल विहिरीवर मोठा पंप लावण्यापेक्षा अनेक उथळ विहिरींतून थोडं थोडं पाणी घ्यावं, आणि दर उधाणानंतर क्षार मोजावेत.