स्टोर्डालेनची दलदल

उत्तर स्वीडनमधील अबिस्को गावाजवळची ही स्टोर्डालेनची दलदल आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे 200 किलोमीटर उत्तरेला आहे. फळ्यांच्या या वाटेवरून पाऊल घसरले, तर ते पीटमध्ये रुतते. हजारो वर्षे थरावर थर साचलेले, पाण्यामुळे आणि थंडीमुळे पुरते न कुजलेले शेवाळ आणि गवत म्हणजे पीट.

समोरचा कोरडा उंचवटा आतल्या बर्फाने उचलून धरलेला आहे. त्याच्या कडेच्या भेगा पाहाव्यात. बर्फ वितळला की उंचवटा खचतो आणि तिथे पाणी साचते. मिथेन हा हवामान तापवणारा वायू तयार करणारे सूक्ष्मजीव प्राणवायू नसलेल्या, पाण्याने भरलेल्या थरांतच वाढतात. पाण्याच्या पातळीच्या वर असलेल्या कोरड्या थरांत मात्र दुसरे जीवाणू असतात, जे वर येणारा मिथेन वाटेतच खाऊन टाकतात. पाणी पृष्ठभागापर्यंत चढले की हा पहारा उठतो, आणि पीट जितके उबदार, तितके मिथेन तयार करणाऱ्यांचे काम वेगाने चालते.

खचलेल्या जागी येणारे, कापसासारख्या तुऱ्यांचे हे गवत देखणे आहे, पण त्याच्या देठांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. मुळांपर्यंत प्राणवायू नेणाऱ्या याच वाटेने मिथेन, तो पहारा टाळून, थेट हवेत येतो. शिवाय मुळांतून झिरपणारे ताजे सेंद्रिय पदार्थ सूक्ष्मजीवांना खाद्य पुरवतात. शेजारच्या स्फॅग्नम शेवाळातून त्या मानाने कमी मिथेन निघतो, कारण मिथेन खाणारे जीवाणू या शेवाळाच्या पेशींतही राहतात. दलदलीत कोणती वनस्पती कुठे सरकते आहे, हे म्हणूनच तापमानाइतक्याच बारकाईने पाहायला हवे. डबक्यातले बुडबुडे ही मिथेनची आणखी एक वाट असून, हवेचा दाब उतरला की ते अधिक सुटतात.

या पारदर्शक पेट्या काही मिनिटे आपोआप मिटतात, आत साचणारा मिथेन मोजला जातो आणि झाकणे पुन्हा उघडतात. इथली मिथेनची मोजणी 1970च्या दशकात सुरू झाली. वितळत्या पीटमधील मिथेन तयार करणाऱ्या एका सूक्ष्मजीवाला 2014 मध्ये ‘मिथेनोफ्लोरेन्स स्टोर्डालेनमिरेन्सिस’ हे याच दलदलीचे नाव मिळाले.

वीस वर्षांच्या हिशोबात एक किलो मिथेन तितक्याच कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट तापवतो, आणि पृथ्वीच्या सुमारे 3 टक्के भूभागावरील पीटमध्ये जगातील सर्व जंगलांच्या झाडोऱ्याहून अधिक कार्बन आहे. अबिस्कोचे वार्षिक सरासरी तापमान अलीकडच्या दशकांत शून्य अंशांच्या वर गेले आहे. 1970 नंतरच्या हवाई छायाचित्रांत कोरडे उंचवटे आक्रसलेले आणि ओली, गवताळ जागा वाढलेली दिसते.