राजधानी शेवटी ठेवा

नमस्कार श्रोतेहो. विमान राजधानीत उतरतं, म्हणून आपली सहलही राजधानीपासूनच सुरू होते. उझबेकिस्तानच्या पहिल्या फेरीत मीही तेच केलं. पहाटे ताश्कंदला उतरलो. समोर रुंद रस्ते, कारंजी आणि एकसारख्या इमारती. सोबतची मंडळी हिरमुसली, "यात जुनं ते काय?" दुसऱ्याच दिवशी समरकंदची गाडी धरली आणि ताश्कंद राहूनच गेलं. दुसऱ्या खेपेला क्रम उलटा केला, आणि तोच आज तुम्हाला सुचवणार आहे.

ताश्कंदला उतरा, पण मुक्काम करू नका. देशांतर्गत विमानाने थेट पश्चिमेला उर्गेंच गाठा, म्हणजे लांबचा पल्ला सुरुवातीलाच उरकतो. पुढे रेल्वेने टप्प्याटप्प्याने राजधानीकडे परतायचं. उर्गेंचजवळच खिवा आहे. मातीच्या तटाआडचं हे जुनं शहर, इचान काला, १९९० साली जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे एक बुटका, जाडजूड, निळा-हिरवा मिनार दिसेल. तो उंच व्हायचा होता, पण बांधणारा खान १८५५ मध्ये लढाईत मारला गेला आणि काम तिथेच थांबलं. खिव्यात एक रात्र राहाच. सहलींच्या बस निघून गेल्यावर गाव पुन्हा गावासारखं होतं.

खिवा ते बुखारा म्हणजे किझिलकुम वाळवंट. खिडकीबाहेर तासन्‌तास तेच ते, तेव्हा पुस्तक जवळ असू द्या. आणि बुखाऱ्याचं स्टेशन बुखाऱ्यात नाही, शेजारच्या कागान गावात आहे. रात्री उशिरा पोहोचणार असाल तर गाडी आधी ठरवून ठेवलेली बरी. बुखाऱ्याचा कलान मिनार ११२७ सालचा. कलान म्हणजे थोरला, आपल्या कल्याणाशी त्याचा संबंध नाही. इथे यादी हातात घेऊन पळू नका. लब-ए-हौजच्या काठी तुतीच्या झाडाखाली चहा घेत बसणं हाही कार्यक्रमच समजा.

समरकंदला मात्र पूर्ण दोन दिवस हवेत. रेगिस्तान चौकात तीन मदरसे समोरासमोर उभे आहेत. डावीकडचा, उलुग बेगचा, १४२० साली पुरा झाला. उजवीकडचा शेरदोर त्यानंतर दोनशे वर्षांनी आला. त्याच्या कमानीवर वाघासारखे सिंह आहेत आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य. चौकात सकाळी एकदा जा आणि दिवे लागल्यावर पुन्हा जा. तैमूरची कबर गूर-ए-अमीरमध्ये आहे, तीही पाहालच. पण बहुतेक लोक ज्या जागी दहा मिनिटंच थांबतात, तिथे तुम्ही तासभर द्या, अशी माझी विनंती आहे. ती जागा म्हणजे उलुग बेगची वेधशाळा.

हा तैमूरचा नातू. आजोबांनी मुलूख जिंकले, नातवाने तारे मोजले. १४३७ साली त्याने हजाराहून अधिक ताऱ्यांची सारणी तयार केली. पुढे जयपूरच्या सवाई जयसिंगाने आपल्या सारण्यांसाठी याच कामाचा आधार घेतला. १४४९ मध्ये मुलाच्याच इशाऱ्यावरून उलुग बेगची हत्या झाली. वेधशाळा जमीनदोस्त झाली आणि विसरली गेली. १९०८ मध्ये उत्खननात तिच्या प्रचंड वेधयंत्राचा जमिनीखालचा भाग सापडला. खडकात कोरलेला तो वक्र चर आज वरून वाकून पाहता येतो.

आता थोडं व्यवहाराचं. बुखारा, समरकंद आणि ताश्कंद यांना जोडणाऱ्या वेगवान गाडीचं नाव अफ्रोसियाब. तिची तिकिटं लवकर संपतात, म्हणून आधी तिकिटं मिळवा आणि मग हॉटेलं ठरवा. चलन सोम, त्यावर शून्यं भरपूर, नोटा मोजताना घाई नको. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पलोव हा भाताचा प्रकार दुपारी खायचा असतो, रात्री मिळेलच असं नाही. त्यात मांस असतं. शाकाहारी मंडळींनी तंदुरी नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि भोपळ्याचा सोमसा यांवर भिस्त ठेवावी.

आणि मग ताश्कंद. आता ते नवं का दिसतं, हे विचारायची उत्सुकता तुमच्यात असेल. २६ एप्रिल १९६६ च्या पहाटे शहराच्या अगदी पोटाखाली भूकंप झाला. जुनं ताश्कंद कोसळलं, लाखो लोक बेघर झाले, आणि सोव्हिएत संघातल्या सगळ्या प्रजासत्ताकांतून आलेल्या कामगारांनी नवं शहर उभारलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत, करारावर सही केल्यानंतर काही तासांतच, लालबहादूर शास्त्रींनी याच शहरात शेवटचा श्वास घेतला होता. त्यांच्या नावाचा रस्ता आणि पुतळा तिथे आहे. म्हणजे शास्त्रीजींनी पाहिलेलं ताश्कंद त्यानंतर चार महिनेही टिकलं नाही.

चोरसू बाजाराच्या निळ्या घुमटाखाली सुकामेवा घ्या आणि मेट्रोत उतरा. ती १९७७ मध्ये सुरू झाली. २०१८ पर्यंत तिथे फोटो काढायला मनाई होती, आता हवे तेवढे काढा. 'कोस्मोनावतलार', म्हणजे अंतराळवीरांचं, स्टेशन चुकवू नका. निळ्या भिंतींवर गोल चित्रं आहेत. गागारिन ओळखू येतो, तेरेश्कोवाही येते. त्यांच्याच रांगेत फेटा बांधलेला एक माणूस दिसतो. समरकंदहून आलेल्या प्रवाशाला तो कोण, हे सांगावं लागत नाही.