सेट: एक इंग्रजी शब्द आणि आपली क्रियापदं

(पडद्यावर: व्हाइसमध्ये दोन पट्ट्यांच्या मधोमध आवळलेली करवत. दातांची ओळ वर, अगदी जवळून.)

हे दात एका रेषेत नाहीत. एक डावीकडे झुकलेला, पुढचा उजवीकडे, त्याच्या पुढचा पुन्हा डावीकडे. दोन्ही रांगांच्या मधे एक बारीक पन्हळ तयार झाली आहे. मिस्त्री त्या पन्हळीत शिवणाची सुई ठेवतात आणि करवतीचं एक टोक किंचित उचलतात.

(सुई घसरत दुसऱ्या टोकापर्यंत जाते. आवाज तसाच ठेवावा.)

सुई मधे कुठे अडली नाही, बाहेर पडली नाही. म्हणजे झुकाव दोन्ही बाजूंना सारखा आहे. इंग्रजीत या झुकावाला ‘सेट’ म्हणतात. टी-सेटमधला तोच सेट, टेनिसमधला तोच, दही सेट झालं म्हणतो तोही तोच. निदान कानाला तरी तोच.

(ग्रंथालय. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या जाड खंडांची रांग. एक खंड टेबलावर उघडला जातो.)

१९८९ साली निघालेली ही दुसरी आवृत्ती, वीस खंडांची. यात सर्वांत लांब नोंद आहे ती ‘सेट’ या क्रियापदाची. अर्थ ४३०हून जास्त, मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा. आपल्याकडच्या एका मध्यम कादंबरीएवढा. पुढे नवी आवृत्ती तयार होताना ‘रन’ या क्रियापदानं ‘सेट’ला मागे टाकलं. त्याचे ६४५ अर्थ निघाले आणि संपादक पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने त्या एका शब्दात गेले. पण हाताला काम असलेला शब्द म्हणाल तर ‘सेट’च. ‘रन’ला पाय आहेत, ‘सेट’ला हात आहेत.

(जुनं छायाचित्र: दाढीवाले जेम्स मरे, डोक्यावर टोपी, मागे चिठ्ठ्यांनी भरलेले खण.)

एवढे अर्थ सापडतात कसे? लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनं १८५७मध्ये या कामाचा विचार सुरू केला. १८७९पासून संपादक झाले जेम्स मरे. आधी मिल हिल इथे शाळेच्या आवारातली पत्र्याची खोली, मग १८८५मध्ये ऑक्सफर्डला घराच्या बागेत तसलीच दुसरी. भिंतीला लाकडी खण, १,०२९. वाचकांना सांगितलेलं काम साधं होतं. पुस्तक वाचा, शब्द भेटला की अर्ध्या पानाच्या चिठ्ठीवर डाव्या कोपऱ्यात शब्द लिहा, खाली साल, लेखक, पुस्तक, पान, आणि त्याखाली ते पूर्ण वाक्य. अर्थ लिहायचा नाही. अर्थ नंतर, चिठ्ठ्यांचे ढीग लावताना ठरायचा. पहिला भाग १८८४ साली निघाला, शेवटचा १९२८ साली. ‘सेट’ ज्यात येतो तो भाग मरेंचे सहसंपादक हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला आला होता.

(टेबल. कोऱ्या चिठ्ठ्या. दोन हात लिहू लागतात.)

तीच रीत आता मराठीतून करून बघू. प्रत्येक चिठ्ठीवर वर इंग्रजी वाक्य, खाली फक्त एक गोष्ट: हेच काम आपण करतो तेव्हा कोणतं क्रियापद तोंडात येतं. कोशात बघायचं नाही. स्वयंपाकघरात, दुकानात, बांधावर जे ऐकू येतं तेच लिहायचं.

(चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर पडतात.)

हाड बसवणं. अंगठीत खडा बसवणं. गजर लावणं. सापळा लावणं. कवितेला चाल लावणं. गंजीला आग लावणं. ताटं मांडणं. पटावर सोंगट्या मांडणं. भाव ठरवणं. तारीख ठरवणं. प्रश्नपत्रिका काढणं. धडा घालून देणं. सूर्य मावळणं.

इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द चालतो. मराठीत तेरा चिठ्ठ्यांवर सात क्रियापदं आली.

आता ढीग. इथे घाई केली की काम बिघडतं. पहिली चूक नेहमीची: वस्तूप्रमाणे ढीग लावणं. सोनाराच्या चिठ्ठ्या एकीकडे, घरातल्या एकीकडे. असं केलं की खडा आणि हाड वेगळे पडतात आणि दोन्हींत ‘बसवणं’ का आलं ते कधीच कळत नाही. दुसरी चूक: वाक्य न लिहिता नुसता शब्द लिहिणं. ‘लावणं’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी. काय लावलं, कशाला लावलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे तिच्यावर हवं.

(हात थांबतो. तीन ढीग वेगळे होतात.)

ढीग लागतो तो एका प्रश्नावर. हात काढून घेतल्यावर ती वस्तू काय करते?

खडा कोंदणात जातो आणि तिथेच राहतो. हाड जागेवर येतं आणि तिथेच राहतं. तिथे आपण ‘बसवतो’. गजर, सापळा, आग, विरजण यांचं उलटं आहे. हात काढला की खरं काम तेव्हा सुरू होतं. गजर पहाटे वाजणार, सापळा रात्री मिटणार, दूध सकाळपर्यंत घट्ट होणार. तिथे आपण ‘लावतो’. ताटं, सोंगट्या, बाजारातलं दुकान यांत एक वस्तू नसते, अनेक असतात आणि त्यांच्या एकमेकींच्या जागांना महत्त्व असतं. ते आपण ‘मांडतो’.

नियम पक्का नाही. खुर्च्या लावतात, आणि त्या बिचाऱ्या काहीच करत नाहीत. अशा चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत, वेगळ्या ठेवायच्या. कोशातली सर्वांत चांगली टीप बहुधा त्यांच्यातूनच निघते.

(तीन ढिगांच्या शेजारी चौथी, मोठ्या अक्षरातली चिठ्ठी: ‘लावणे’.)

आणि हे लक्षात घ्या की आपल्याकडेही एक ‘सेट’ बसलेला आहे. धार लावणं, शिस्त लावणं, पैज लावणं, रोपं लावणं, दिवा लावणं, दार लावणं, वाट लावणं. मराठी शिकणाऱ्याला ‘लावणे’ जेवढं छळतं तेवढं इंग्रजी शिकताना ‘सेट’नं आपल्याला छळलेलं नसेल.

(कागदावर शाईनं दोन झाडं काढली जातात. मुळाशी ‘सद्’ आणि ‘सच्’.)

मूळ बघायचं तर ‘सेट’ हे क्रियापद ‘सिट’चं प्रयोजक रूप. जुन्या इंग्रजीत ‘सेत्तान’, म्हणजे बसायला लावणं. बसणे, बसवणे: आपलीच जोडी. आपलं ‘बसणे’ मात्र संस्कृत ‘उपविश्’वरून ‘बैसणे’ होत आलेलं, त्याचं घराणं वेगळं. इंग्रजी ‘सिट’ची खरी भावंडं संस्कृतातल्या ‘सद्’ धातूची: सदन, परिषद, संसद, उपनिषद.

टी-सेटमधला सेट मात्र दुसऱ्या घरातून आला. तो जुन्या फ्रेंचमधून, त्याआधी लॅटिन ‘सेक्टा’ म्हणजे अनुयायांचा गट, मागोमाग चालणारे. त्या लॅटिन धातूचा संस्कृत भाऊ ‘सच्’, सोबत असणं, आणि त्यावरून ‘सचिव’. इंग्रजीत हे दोन्ही शब्द एकाच उच्चारात येऊन मिसळले. म्हणजे ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दात एका बाजूला संसद आहे आणि दुसऱ्या बाजूला सचिव. शाळेच्या गणितात आपण या दुसऱ्या सेटला ‘संच’ म्हणतो, आणि तो शब्द चांगला रुळला आहे.

(पुन्हा सुतारखाना. करवत. आता काम पहिल्यापासून.)

करवतीच्या सेटला मात्र टेबलावरच्या एकाही ढिगात जागा मिळाली नाही. तो बघण्यासाठी कामावरच जावं लागतं.

आधी सपाट कानस दातांच्या टोकांवरून लांबीत फिरवतात. बोथट झालेल्या करवतीचे दात कमीजास्त उंचीचे झालेले असतात, उंच असतो तोच कापतो, बाकीचे नुसते सोबत जातात. प्रत्येक टोकावर चकाकणारा ठिपका दिसला की उंची सारखी झाली. मग तिकोनी कानशीनं दाताचा आकार. मग झुकाव. त्यासाठी पक्कडीसारखं हत्यार असतं. मूठ दाबली की आतली छोटी दांडी दाताला गोल चकतीच्या उतारावर ढकलते. चकती फिरवून उतार कमीजास्त करता येतो. एक दात सोडून एक, टोकापर्यंत. मग करवत उलटी फिरवून राहिलेले दात दुसऱ्या बाजूला. धार सर्वांत शेवटी.

(एकच दात, पडदाभर. हत्यार दाबतं, दात झुकतो.)

वाकवायचा तो दाताचा फक्त वरचा अर्धा भाग. बुडापासून वाकवला तर दात तुटतो किंवा पात्याला तडा जातो. पातं ०.९ मिलीमीटर जाडीचं असेल तर चीर साधारण १.२ ते १.३ मिलीमीटरची पडावी. झुकाव कमी पडला तर लाकूड पात्याला चावतं, करवत अडकते, तापते. जास्त झाला तर भुसा जास्त, मेहनत जास्त, कापाच्या बाजू ओबडधोबड. ओल्या लाकडाला झुकाव थोडा जास्त लागतो, सुक्या कठीण लाकडाला कमी. आणि एका बाजूचा झुकाव जास्त राहिला तर काप त्या बाजूला सरकत जातो. रेघ सरळ मारलेली असते, हात सरळ असतो, तरी फळी तिरकी निघते.

हे काम मराठीत ‘दात फाकवणं’ असं सांगता येतं. मिस्त्रींनी चिठ्ठीवर तेच लिहायला सांगितलं.

(नाशिक जिल्ह्यातली द्राक्षबाग. फुलोऱ्यातला घड, भिंगातून.)

बागेत ‘सेटिंग’ हा शब्द इतका मुरला आहे की तो परका वाटतच नाही. गोड्या बहाराची, म्हणजे फळासाठीची, छाटणी झाली की सुमारे सहा आठवड्यांच्या आसपास फुलोरा येतो. द्राक्षाच्या फुलाला पसरणाऱ्या पाकळ्या नसतात. त्या वर एकमेकींना चिकटून टोपी होते आणि ती टोपी सबंधच्या सबंध गळून पडते. ही बघा, गळतेय. नंतर परागीभवन झालेल्या फुलांचे मणी राहतात, बाकीची गळतात. याला म्हणायचं मणी सेटिंग. याच दिवसांत पाऊस लागला तर गळ आणि कूज. जुना शब्द मणी धरणं, फळ धरणं.

‘मुलगा पुण्यात सेट झाला’मधला सेट हा बहुधा ‘सेटल’ची शेपटी तोडून केलेला. आणि ‘तिथे आपली सेटिंग आहे’ याचं चित्रीकरण करायला कुणी तयार झालं नाही.

(प्रयोगशाळा. सिमेंट धरायला किती वेळ लागतो ते मोजणारं विकाट उपकरण: उभी दांडी, खाली बारीक सुई, त्याखाली सिमेंटनं भरलेला साचा.)

‘धरणं’ हाच शब्द गवंड्याच्या तोंडी आहे. मालानं धरलं. इथे तो मिनिटांत मोजतात.

सिमेंट ४०० ग्रॅम. आधी दुसऱ्या चाचणीनं ठरवतात की योग्य घट्टपणासाठी किती टक्के पाणी लागतं. सेटिंगच्या चाचणीत त्याच्या ०.८५ पट पाणी घालतात. पाणी पडलं त्या क्षणी घड्याळ सुरू. साचा ४० मिलीमीटर खोल. सुईच्या टोकाचं क्षेत्रफळ एक चौरस मिलीमीटर, आणि खाली उतरणाऱ्या भागाचं वजन ३०० ग्रॅम. खोलीचं तापमान २७ अंशांच्या दोन अंश अलीकडेपलीकडे.

(सुई सोडली जाते. पहिल्यांदा ती थेट तळाला टेकते.)

सुरुवातीला सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. दर वेळी ती पुसायची, दर वेळी नवी जागा निवडायची. जुन्या भोकात सुई गेली तर आकडा खोटा. टेबलाला धक्का लागला तरी खोटा. तळापासून पाच मिलीमीटरच्या आसपास सुई अडू लागली की सुरुवातीची पकड आली. साध्या पोर्टलंड सिमेंटला ती ३० मिनिटांच्या आत येता कामा नये. तेवढा वेळ माल वाहायला, ओतायला, थापायला हवा. यासाठीच कारखान्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, दळताना त्यात जिप्सम घालतात. ते नसेल तर माल घमेल्यातच आखडतो. आखडू लागलेल्या मालात वरून पाणी मारून तो पुन्हा सैल करणं ही बांधकामावरची रोजची खोड. माल सैल होतो, ताकद जाते.



(सुई बदलली जाते. नव्या सुईभोवती पितळी कडं.)

शेवटच्या पकडीसाठी ही दुसरी सुई. मधे टोक, भोवती कडं. टोक कड्याच्या किंचित पुढे. दोन्हींचा ठसा उमटतोय तोवर थांबायचं. कमाल मर्यादा ६०० मिनिटं.

(दर काही मिनिटांचे ठसे, एकापाठोपाठ एक: ठिपका आणि वर्तुळ. ठिपका आणि अर्धं वर्तुळ. मग नुसता ठिपका.)

नुसता ठिपका. वर्तुळ नाही.

(नोंदवही. रकान्याचं शीर्षक इंग्रजीत छापलेलं. पेननं त्याखाली वेळ लिहिली जाते, शेजारी शेऱ्याच्या जागी एक शब्द: ‘धरलं’.)