हुकूम देणारा कुठे निसटतो?

श्रोतेहो, नमस्कार. युद्धात कैद्यांना मारलं, बायकांवर अत्याचार झाले, तर खटला शिपायावर चालतो आणि वरचा साहेब सुटतो, अशी आपल्यातल्या अनेकांची समजूत आहे. बऱ्याचदा घडतंही तसंच. पण साहेबाला सूट कायद्याने दिलेली नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारात कलम 27 स्पष्ट सांगतं, की राष्ट्रप्रमुख असलात तरी सुटका नाही. कलम 28 नुसार सेनापती दोषी ठरायला त्याने स्वतः गोळी झाडलेली असायची गरज नाही.

मात्र शाबीत बरंच काही करावं लागतं. फौज खरोखर त्याच्या ताब्यात होती. गुन्हे चाललेत हे त्याला ठाऊक होतं, किंवा ठाऊक असायला हवं होतं. आणि शक्य असूनही त्याने ते रोखले नाहीत, की दोषींवर कारवाई केली नाही. काँगोतल्या एका बंडखोर फौजेचे प्रमुख ज्याँ-पिएर बेम्बा यांचा खटला या शेवटच्या मुद्द्यावर ढासळला. 2016 मध्ये 18 वर्षांची शिक्षा झाली आणि 2018 मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी ते सुटले. परक्या देशात लढणाऱ्या फौजेवर दुरून कारवाई करताना येणाऱ्या अडचणी आधीच्या निकालात नीट तोलल्या नाहीत, असं बहुमताचं म्हणणं पडलं. म्हणून प्रेतांच्या फोटोंइतकीच गरज असते ती लेखी हुकुमांची, वायरलेसच्या नोंदींची, तक्रार आल्यावर कोणाला शिक्षा झाली आणि कोणाला बढती मिळाली त्या कागदांची. नेमके हेच कागद आरोपीच्या कचेरीत असतात!

दुसरी अडचण अटकेची, कारण या न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर 2009 मध्ये वॉरंट निघालं. 2015 मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत आले. त्यांना देश सोडू देऊ नका, असा प्रिटोरियाच्या हायकोर्टाचा आदेश असतानाही ते विमानाने निघून गेले. लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना एका विशेष न्यायालयाने 50 वर्षांची शिक्षा दिली, पण ते हाती लागले सत्ता गेल्यावर.

आपल्याकडे काय? भारत रोम करारात नाही. 1960 चा जिनिव्हा करार कायदा आहे, त्यात संरक्षित व्यक्तीला, म्हणजे युद्धकैदी, जखमी सैनिक, सामान्य नागरिक अशांना, जाणूनबुजून ठार मारल्यास फाशी किंवा जन्मठेप आहे. पण कलम 17 म्हणतं, तक्रार सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यानेच करायची. म्हणजे पीडिताचा वकील या कायद्याखाली फोर्टच्या सत्र न्यायालयात थेट उभा राहू शकत नाही. हे कलम बदललं पाहिजे. निदान पीडिताच्या अर्जावर सरकारने ठराविक मुदतीत लेखी, कारणांसह उत्तर द्यावं, आणि त्या उत्तराला हायकोर्टात आव्हान देता यावं, एवढी तरतूद त्यात हवीच.