हिरवा तवंग विषारी आहे का, हे काठावरच कसं कळणार?

पाणी उकळू नका, असं कुणी सांगितलेलं ऐकलंय कधी? २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नेमकं हेच सांगावं लागलं. तिथलं पाणी लेक ईरीतून येतं, तलावात मायक्रोसिस्टिस माजलं होतं (शेवाळ म्हणतो आपण, पण ते बॅक्टेरियाच), आणि त्याचं मायक्रोसिस्टिन हे विष उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं. ४ लाखांवर लोकांच्या नळाला पाणी होतं, पण प्यायचं नव्हतं.

आता गोची अशी आहे की मायक्रोस्कोपखाली विषारी आणि बिनविषारी मायक्रोसिस्टिस सारखंच दिसतं, बारीक गोल पेशींचे पुंजके, बस. फरक डीएनएमध्ये. एमसीवाय नावाच्या जीन्सचा गट असेल तर ते विष बनवू शकतं, नसेल तर नाही.

म्हणून हे मिनआयन, म्हणजे डीएनए वाचणारं छोटं यंत्र, सिक्वेन्सर. वजन १०० ग्रॅमच्या आसपास, यूएसबीने लॅपटॉपला जोडायचं, २०१६ मध्ये तर हे अंतराळ स्थानकावरही चाललंय. आत एक पडदा, त्यात प्रोटीनची अतिसूक्ष्म भोकं, भोकांतून करंट चालू असतो, आणि डीएनएचा धागा सुईत ओवल्यासारखा त्यातून सरकला की करंट कमीजास्त होतो, त्यावरून डीएनएची अक्षरं वाचायची.

पण खरं सांगू का, मशीन हा सोपा भाग. कटकट सगळी आधीची. पाणी फिल्टरमधून गाळायचं, आणि तवंग दाट असेल तर फिल्टर लगेच चोंदतो, सिरिंज दाबून दाबून अंगठा भरून येतो, बरं मायक्रोसिस्टिसभोवती चिकट बुळबुळीत थर असतो तो धुतला नाही तर डीएनएबरोबर येऊन पुढची सगळी केमिस्ट्री बिघडवतो. पेशी फोडायला जास्त हलवलं तर डीएनएचे तुकडे होतात, कमी हलवलं तर पेशी फुटतच नाहीत. हे हाताला बसायला वेळ लागतो.

आणि जीन सापडला म्हणजे विष सापडलं असं नाही हं, तो जीन बंद असू शकतो, किंवा पेशी मेलेली असू शकते. विष किती ते एलायझा (अँटीबॉडी वापरून करायची चाचणी) किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीनेच (रेणूंच्या वजनावरून ते ओळखायची पद्धत) मोजायचं. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी (या विषाचाच एक प्रकार) जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम, तो आकडा सिक्वेन्सर देत नाही.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, मग सरळ टेस्टची पट्टीच का नको? चांगला प्रश्न आहे. पट्टीला आपण जे विचारू तेवढंच ती सांगते. मायक्रोसिस्टिनची पट्टी निगेटिव्ह आली आणि पाण्यात दुसरंच काहीतरी वाढून ॲनाटॉक्सिन बनवत असलं, जे थेट मज्जासंस्थेवर जातं, तर पट्टीला ते दिसणारच नाही. सिक्वेन्सरला काय शोधायचं ते आधी सांगावं लागत नाही, फक्त जे वाचलं ते डेटाबेसमध्ये असायला हवं, नाहीतर नाव कळत नाही. त्यामुळे माझ्या बॅगेत दोन्ही असतात, आधी मिनआयन सांगतं तलावात कोण आहे, मग त्याप्रमाणे मी पट्टी काढते.