होडीत पाय ठेवण्यापूर्वी

कोल्हापूरकरांची होडीशी पहिली ओळख बहुधा रंकाळ्यावर होते. तिथे चारही बाजूंना काठ दिसतो आणि कोणत्याही वेळी गेले तरी पाणी फारसे बदलत नाही. गगनबावड्याचा घाट उतरून मालवणच्या धक्क्यावर आलेले कुटुंब त्याच सवयीने आधी भाडे विचारते. आमच्या मते पहिला प्रश्न वेळेचा असायला हवा.

घरून न्याहारी करून निघाले, तर मालवण गाठेपर्यंत दुपार होते, आणि तोवर समुद्राकडून खारे वारे सुटल्यामुळे पाणी खवळू लागते व लहान होडी अधिक हेलकावे खाते. पहाटे मात्र वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, किनाऱ्यालगतचे पाणी त्या मानाने संथ असते आणि अशा पाण्यावर डॉल्फिनची पाठ चटकन नजरेत भरते. म्हणून मुक्काम करून सकाळची फेरी घ्यावी. डॉल्फिन हमखास दाखवतो, असे कोणी म्हटले तरी त्यावर विसंबू नये.

सोबत वयस्कर माणसे असतील, तर तारकर्ली-देवबागजवळची कर्लीच्या खाडीतली फेरी अधिक सोयीची ठरते. फेरी कोणतीही असो, मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे का, हे होडी सुटण्यापूर्वीच पाहावे. होडीत परवान्यापेक्षा जास्त माणसे घेतली जात असतील, तर खुशाल दुसऱ्या होडीची वाट पाहावी. पावसाळ्यात मालवणसमोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक बंद असते, त्यामुळे घाटातले धबधबे पाहून तसेच पुढे मालवणला जाण्याचा बेत तेव्हा आखू नये.

सिंधुदुर्गाला जाताना होडी परतीसाठी किती वेळ थांबेल, हे आधीच ठरवून घ्यावे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा सुमारे ४८ एकरांचा किल्ला तासाभरात पाहून होत नाही. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. राजाराम महाराजांनी उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिराचा सभामंडप आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी बांधला, आणि कोल्हापूरहून आलेल्या माणसाने तिथे तरी घड्याळ न पाहता बसावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

होडी खडकांमधून वाट काढत तटाजवळ येते, तरी दरवाजा कुठेच दिसत नाही. अगदी जवळ गेल्यावरच बुरुजांच्या आड दडलेली वाट उघडते.